"चालू आहे" एवढंच सांगू नकोस

अगं ऐक, काल संध्याकाळी सरांनी तुला टॉवेलच्या लॉटचं विचारलं आणि तू म्हणालीस "चालू आहे सर", ते नुसती मान हलवून गेले, मी तेव्हाच बोलणार होते पण तुझी बस होती म्हणून आता लिहितेय.

"चालू आहे" मधून समोरच्याला काही कळत नाही गं. असं सांग, "सर, दोन हजारातले बाराशे शिलाई होऊन आले, आठशे अजून डाईंगला आहेत, उद्या चारपर्यंत येतील, साडेतीनला मी तुम्हाला कळवते." आणि साडेतीनला कळवायचंच, माल येणार नसेल तर आधी कळवायचं.

मी नवीन होते तेव्हाचं सांगते. जानेवारी होता, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा तोंडावर. डाईंगच्या मास्तरांना फोन केला, ते तेलुगू बोलणारे, आपल्या सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुला मराठीइतकंच तेलुगू कानावर पडेल. मागे मशीनचा आवाज, मास्तर म्हणाले "अवुतुंदी". मी ऑफिसात सांगून टाकलं, झालं म्हणून. "अयिंदी" म्हणजे झालं आणि "अवुतुंदी" म्हणजे होईल, हा फरक मला माहीत होता, शेजारपाजार सगळा पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणारे विणकर, लहानपणापासून ऐकत आलेय, पण परत विचारायची लाज वाटली. दुपारी शंका आली तरी गप्प बसले, रात्री टेम्पो रिकामा परत आला तेव्हा तोंड उघडलं. दुसऱ्या दिवशी यात्रेतला अक्षता सोहळा, कामावर कोण येणार? न्हावाशेवा बंदरात कंटेनर आत घ्यायची मुदत टळली, माल पुढच्या जहाजाने गेला आणि पार्टीने बिलातून पैसे कापले. दुपारीच बोलले असते तर मास्तरांनी चार माणसं थांबवून घेतली असती, हे मला अजून लागतं.

म्हणून सांगते, वाईट बातमी कळल्या कळल्या फोन कर, मग तेच दोन ओळीत व्हॉट्सअ‍ॅपवर टाक. व्हॉइस नोट नको, लूमच्या खडखडाटात कोण ऐकणार, आणि टॉवेलचं वजन साडेचारशे जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) की पाचशे हे नंतर शोधायला लिहिलेलंच लागतं. मेलच्या सब्जेक्टमध्ये "अर्जंट" लिहू नकोस, ऑर्डर नंबर, कलर आणि तारीख लिही. आणि कुणी काही सांगितलं की तिथल्या तिथे विचार, "म्हणजे झालं ना, की होतंय?" एखादा चिडेल, चिडू दे. मला तर परत परत विचारणारी पोरगी जास्त भरवशाची वाटते.

सरांना आज सकाळी जाऊन आकडे सांग, कालचं राहिलंय ते. मग साडेदहाला गेटपाशी ये, दोघी डाईंगला जाऊ, मास्तरांशी ओळख करून देते, आणि तिथले पीस तू स्वतः मोज.