आईबाबांना घेऊन अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याची क्रूझ करायचीये, कधी आणि कुठून घ्यावी?
सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर बघा, अलास्काचा सीझन संपला की जहाजं दक्षिणेकडे निघतात आणि तेव्हा व्हँकुव्हर ते लॉस एंजेलिस अशा वन-वे क्रूझ बऱ्यापैकी स्वस्तात मिळतात, वाटेत व्हिक्टोरिया, अ‍ॅस्टोरिया, सॅन फ्रान्सिस्को वगैरे. भारतीय पासपोर्ट असेल तर कॅनडा, अमेरिका दोन्हीचे व्हिसा आधी उरका, बुकिंग नंतर. बाल्कनी घ्यायचीच तर डावीकडची, किनारा त्या बाजूला येतो, पण खरं सांगू का, जहाज बराच वेळ खोल समुद्रातूनच जातं, दिसणार ते पाणीच, त्यापेक्षा पैसे वाचवा. ओरेगॉनजवळ समुद्र कधीकधी चांगलाच खवळतो, म्हणून आईबाबांना खालच्या डेकवर मधोमध केबिन घ्या, तिथे हलतं कमी. आणि हो, स्वेटर न्याच, सॅन फ्रान्सिस्कोत भर उन्हाळ्यातसुद्धा गारठा असतो.