आलेले शब्द गेले, तर वाट पाहू नका

प्रश्न : आमचा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. गाड्या तासन् तास एका ओळीत लावतो, एखादी हलली की रडून आकांत करतो. मिक्सर लावला की कान झाकतो. हाक मारली तर बघत नाही, पण टीव्हीवर ओळखीची जाहिरात लागली की आतून पळत येतो. दीड वर्षाचा असताना 'टाटा', 'दे', 'बाबा' म्हणायचा, आता एकही शब्द नाही. सासूबाई म्हणतात, याचा बाबाही उशिराच बोलला. नवरा चिडतो, 'नसते आजार शोधू नकोस.' थांबू की डॉक्टरांकडे जाऊ?

उत्तर : जा. याच आठवड्यात वेळ घ्या.

ज्या गोष्टीला तुम्ही जेमतेम एक वाक्य दिलंत, तिथेच मी अडखळले. काही मुलं उशिरा बोलतात, हे खरंच आहे. पण येत असलेले शब्द जाणं आणि त्यांच्या जागी नवे न येणं, हे उशिरा बोलणं नव्हे. मूल कुठल्याही वयाचं असो, अशा वेळी थांबायचं नसतं.

गाड्यांच्या ओळीची मला तेवढी काळजी वाटत नाही. एकच खेळ पुन्हा पुन्हा खेळणं, मोठ्या आवाजाला बिचकणं या वयात पुष्कळ मुलांमध्ये दिसतं. ओळ लावून झाल्यावर तो काय करतो, ते मला सांगा. वळून तुमच्याकडे बघतो? विमान दिसलं की बोट दाखवतो आणि तुम्हीही बघताय ना, याची तुमच्या चेहऱ्याकडे बघून खात्री करतो? हवी ती वस्तू मिळावी म्हणून बोट दाखवणं वेगळं आणि आपला आनंद आईलाही कळावा म्हणून दाखवणं वेगळं. हे दुसरं दाखवणं दीड वर्षाच्या सुमारास बहुतेक मुलांना जमतं. दोन दिवस काही न शिकवता नुसतं बघा. डॉक्टर हे नक्की विचारतील.

जाहिरात ऐकून येतो म्हणजे कान ठीक आहेत, असं धरू नका. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं की ऐकू येणं कमीजास्त होत राहतं. म्हणून श्रवणचाचणी सगळ्यात आधी.

बालरोगतज्ज्ञ कदाचित 'एम-चॅट' नावाची 20 प्रश्नांची प्रश्नावली भरायला देतील. ऑटिझमची, म्हणजे इतरांशी संवाद साधणं, मिसळणं वेगळ्या पद्धतीने होतं अशा विकासातल्या स्थितीची शक्यता तिच्यावरून पाहतात. ती 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी असते. तिच्यावरून निदान होत नाही, पुढे तपासायला हवं का एवढंच कळतं. शब्द गेल्याचं मात्र स्वतःहून, पहिल्याच वाक्यात सांगा. तरीही 'थोडं थांबू' असं उत्तर आलं, तर ते मान्य करू नका. मुलांच्या विकासाचे तज्ज्ञ गाठा. स्पीच थेरपी सुरू करायला निदानाची वाट पाहावी लागत नाही, हेही लक्षात असू द्या.

सासूबाईंशी वाद घालू नका. वडील उशिरा बोलले, ही माहिती डॉक्टरांना उपयोगी आहे, ती जरूर सांगा. फक्त ते थांबण्याचं कारण होऊ देऊ नका. तुमच्या नवऱ्याच्या चिडण्यामागे मला भीती दिसते. त्यांच्यापुढे आजाराचं नाव काढू नका, 'कान तपासून घेऊ, तुम्हीही चला' एवढंच म्हणा. डॉक्टर मुलाशी खेळत असताना त्यांनी तिथे असावं. तुम्ही सांगून जे पटणार नाही, ते कदाचित समोर बघून पटेल.

आणि 'माझंच काही चुकलं का' हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण मनात असणारच. मुलाचे कान तपासावे लागणं किंवा त्याला ऑटिझम असणं, यातलं काहीही आईच्या वागण्यामुळे होत नाही.

अनोळखी खोलीत मुलं घरच्यासारखी वागत नाहीत. म्हणून तो खेळताना, हाक मारल्यावर, तुमच्याकडून काही हवं असताना कसा वागतो, याचे दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ काढून न्या. आणि दीड वर्षाचा असताना तो 'टाटा' म्हणतानाचा एखादा जुना व्हिडिओ फोनमध्ये असेल, तर तो सगळ्यात आधी दाखवा.