सोबत म्हणजे नेमकं काय?

मदत, सल्ला, गप्पा या वेगळ्या गोष्टी. त्या नसल्या तरी सोबत असू शकते.

लहानपणी शेजारचे काका परगावी गेले की आई मला रात्री काकूंकडे सोबतीला झोपायला पाठवायची. मी आठ वर्षांचा. चोर आलाच असता तर आधी मीच पळालो असतो! पण अंधारात काकू पलीकडच्या गादीवरून विचारायच्या, "झोपलास का रे?" मी "नाही" म्हटलं की पाच मिनिटांत त्याच घोरायला लागायच्या.

वारीतही तेच. आळंदी ते पंढरपूर सुमारे 250 किलोमीटर, पाय ज्याचे त्याचे. दिवे घाटात दम लागला तर शेजारचा वारकरी काही उचलून नेत नाही. "चला माउली" म्हणतो आणि आपली चाल जरा कमी करतो.