हिरव्या पानाला सोनं का म्हणायचं?

प्रिय सोन्या,

काल कालव्यावरून परतताना गाडीत तू जे विचारलंस, त्याला मी "घरी गेल्यावर सांगते" म्हणाले आणि ते राहूनच गेलं. आता रविवारची रात्र आहे, चार दिवसांची सुट्टी संपली, तू झोपला आहेस. म्हणून लिहूनच ठेवते. मराठी शाळेच्या बाईंनी रोज थोडं वाचायला सांगितलंय ना, मग या आठवड्यात हेच वाच.

तुझा प्रश्न तुझ्याच शब्दांत असा होता: "आई, इथली पानं खरोखर सोनेरी होतात, तर त्यांना कुणी सोनं म्हणत नाही. आपटा हिरवा असतो आणि त्याला आपण सोनं म्हणतो. मराठी लोकांना दृष्टिभ्रम होतो का?"

बाबा हसले. मला मात्र तो प्रश्न फार आवडला, कारण तो शुक्रवारच्या खेळातून आला होता हे मला कळत होतं.

गुरुवारी थँक्सगिव्हिंगचं जेवण झालं. त्यांच्या टर्कीशेजारी आपले लाल भोपळ्याचे घारगे, आणि घारग्यांचा डबा आधी रिकामा झाला. शुक्रवारी बाहेर दुकानांत झुंबड उडाली होती, म्हणून आपण घरीच कात्री आणि कागद घेऊन बसलो. कागदी ताटलीच्या कडेतून दोन अगदी सारख्या कमानी कापल्या, एक लाल रंगवली, एक निळी. एकीखाली एक ठेवल्या की खालची लांब दिसते. निळी खाली होती तोवर निळी लांब, लाल खाली गेली की लाल लांब. एकावर एक ठेवून तू पाहिलंस, दोन्ही तंतोतंत. पुन्हा खालीवर ठेवल्या आणि तुझ्या डोळ्यांनी पुन्हा तेच सांगितलं. जोसेफ जॅस्ट्रो नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या नावाने हा खेळ ओळखला जातो, आणि सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लोक त्याला फसताहेत.

मग मी तुला ते पटाचं चित्र दाखवलं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या एडवर्ड ॲडेलसन यांनी १९९५ मध्ये केलेलं. बुद्धिबळासारखा पट, त्यावर उभं नळकांडं, त्याची सावली. सावलीबाहेरचा एक काळसर चौकोन आणि सावलीतला एक पांढरट चौकोन, दोन्ही प्रत्यक्षात एकाच करड्या रंगाचे. तुझा विश्वासच बसेना. तू कागदाला दोन भोकं पाडून चित्रावर ठेवलंस, तेव्हा दोन्ही भोकांतून एकच रंग दिसला. कागद उचलला, पुन्हा एक काळसर, एक पांढरट. "पण मला आता माहितीये!" असं तू ओरडलास, ते लक्षात ठेव. ते पुढे लागणार आहे.

यात डोळ्यांची चूक नाही बरं. आपला मेंदू सावली ओळखतो आणि हिशेबातून वजा करतो. तसं केलं नसतं तर पांढरा सदरा झाडाखाली गेला की करडा वाटला असता, आणि पावलोपावली आपला गोंधळ उडाला असता. रोज उपयोगी पडणारी ही युक्ती त्या एका चित्रात उघडी पडते.

आता कालची गोष्ट. इथे न्यू जर्सीत, किंग्स्टनजवळ डेलावेअर-रॅरिटन कालव्याच्या काठाने आपण चाललो. १८३० ते १८३४ या काळात, बहुतेक आयर्लंडहून आलेल्या मजुरांनी हातांनी खणलेला हा कालवा. ज्या वाटेवर तू काड्या गोळा करत होतास, तिच्यावरून खेचरं दोर ओढत नावा नेत असत. तू म्हणालास, "रंग संपले." ऑक्टोबरात लोक गाड्या भरभरून पाहायला येतात ते लाल-केशरी मेपल तोवर उघडे झाले होते, हे खरं. पण ओकची तपकिरी पानं फांद्यांवर होती, आणि बीचच्या कोवळ्या झाडांवरची फिकट तांब्याच्या रंगाची, कागदासारखी पातळ पानं वाऱ्यावर खुळखुळत होती. ही दोन्ही झाडं सुकलेली पानंसुद्धा लवकर सोडत नाहीत, कित्येकदा थेट वसंतापर्यंत धरून ठेवतात. सिकमोरचे पांढरे बुंधे पाण्यात उलटे दिसत होते. मला तर ऑक्टोबरपेक्षा ही नोव्हेंबरची पानगळच जास्त आवडते. गर्दी नसते, आणि झाडाचा सांगाडा कसा आहे ते कळतं.

तिथेच मी तुला सांगितलं की पिवळ्या पानातला पिवळा रंग बाहेरून येत नाही. तो उन्हाळाभर पानात असतोच, हिरव्या रंगाखाली झाकलेला. दिवस लहान झाले, थंडी आली की झाड हिरवं द्रव्य बनवणं थांबवतं, असलेलं मोडून टाकतं, आणि खालचा पिवळा उघडा पडतो. लाल रंगाची गोष्ट वेगळी, तो बऱ्याच झाडांत शरदातच नव्याने तयार होतो.

परत निघालो तेव्हा पूर्वेला झाडांमागे चंद्र होता. त्रिपुरारी पौर्णिमा एका दिवसावर, त्यामुळे जवळजवळ पूर्ण, आणि केवढा मोठा! हात लांब करून तू करंगळीचं नख त्याच्यावर धरलंस, तर तो झाकला गेला. रात्री नऊला तो वर चढून लहानसा दिसत होता, तेव्हाही नख तेवढंच पुरलं. या दोन वेळांच्या मध्ये, गाडीत, तुझा प्रश्न आला.

तर ऐक. आपट्याचं सोनं हा दृष्टिभ्रम नाही. दृष्टिभ्रमात तुला खरं माहीत असतं, तरी डोळे ऐकत नाहीत. म्हणूनच तू "मला आता माहितीये" म्हणून ओरडलास. दसऱ्याला याच्या अगदी उलट घडतं. डोळ्यांना हिरवं पानच दिसतं, देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला ते पान आहे हे पक्कं ठाऊक असतं, आणि तरी दोघं मिळून त्याला सोनं मानतात. मराठीत 'मानणं' हा फार मोठा शब्द आहे. सत्यनारायणाच्या पूजेत बाबा सुपारी मांडतात आणि तिला गणपती मानतात. उत्तरपूजा झाली की ती पुन्हा सुपारी. मी तुला सोन्या म्हणते, तेव्हा तू धातूचा आहेस असं मला वाटत नाही. पण मी खोटंही बोलत नसते.

याची गोष्ट आजीने तुला फोनवर अर्धी सांगितली होती. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स. चौदा विद्या शिकला आणि गुरुदक्षिणेचा हट्ट धरून बसला. गुरूंनी वैतागून चौदा कोटी सुवर्णमुद्रा मागितल्या. तो रघुराजाकडे गेला, तर राजाने यज्ञात सगळं दान करून टाकलेलं, घरात मातीची भांडी. रिकाम्या हाताने याचक परत जाऊ नये म्हणून रघू कुबेरावरच चाल करून निघाला, तेव्हा कुबेराने सोन्याचा पाऊस पाडला. आपल्याकडे सांगतात की तो आपट्याच्या झाडावर पडला. कौत्साने मोजून चौदा कोटी घेतले, एक मोहोर जास्त नाही. उरलेलं लोकांनी लुटलं. म्हणून दसऱ्याला 'सोनं लुटायचं' म्हणतात. पण हे लुटणं द्यायचं असतं. आणलेलं पान कुणी कपाटात ठेवत नाही, दुसऱ्याच्या हातात ठेवतं.

मी तुझ्याएवढी होते तेव्हा आमच्या गावात संध्याकाळी सीमेबाहेर जाऊन आपट्याची पूजा व्हायची. घरी आलं की आई औक्षण करायची आणि मग आम्ही मुलं दारोदार निघायचो. आधी थोरांना पान, मग पाया पडायचं. ते म्हणायचे, "सोन्यासारखे राहा." रात्रीपर्यंत फ्रॉकचा खिसा पानांनी फुगलेला असायचा, घामाने ती पानं काळपट व्हायची. पण एक दसरा मला स्पष्ट आठवतो. माझ्या आजोबांचं आणि शेजारच्या तात्यांचं भिंतीवरून भांडण झालं होतं. दोन-तीन वर्षं बोलणं बंद. त्या दिवशी दिवे लागल्यावर तात्या ओट्यापाशी आले. काही बोलले नाहीत, पानाची जुडी पुढे केली. आजोबांनी ती घेतली, आपल्या जुडीतलं पान त्यांच्या हातावर ठेवलं आणि आत वळून म्हणाले, "चहा टाका." बस, एवढंच. खरं सोनं घेऊन तात्या आले असते तर आजोबांनी दार लावून घेतलं असतं, कारण खऱ्या सोन्याचा हिशेब होतो. पान मात्र कुणालाही आणता येतं आणि कुणालाही घेता येतं. मला वाटतं, ते हिरवं आहे, साधं आहे, म्हणूनच चालतं.

इथे आपटा उगवत नाही. मंडळात तुम्ही मुलांनी सोनेरी कागदाची पानं कापलीत, तीही छान होती. पण यंदा दसरा ऑक्टोबरच्या शेवटाकडे आला होता, म्हणून मी बागेतल्या रेडबडची पानं आणली होती, आठवतंय? बदामाच्या आकाराची. आपट्याचं पान वरून मधोमध चिरल्यासारखं, दोन पाकळ्यांचं असतं. हे चिरलेलं नाही, तरी ही दोन्ही झाडं एकाच कुळातली, जवळच्या नात्यातली आहेत. भारतातही पुष्कळ जण आपट्याऐवजी कांचनाची पानं आणतात, तोही याच नात्यातला. आणि त्याच्या नावाचा अर्थच सोनं! रेडबडची पानं त्या आठवड्यात पिवळी व्हायला लागली होती. मी तुला दिलेलं पान एका कडेला हिरवं होतं, एका कडेला पिवळं.

ते पान मी तुझ्या मराठीच्या वहीत, शेवटून दुसऱ्या पानाशी ठेवलंय. आता तपकिरी झालंय. हळू उघड, देठाकडून चुरतंय.

तुझी,
आई