प्लेटिंगच्या गाळासाठी तेच ससे पुन्हा? माझं मत

प्लेटिंग (धातूचा मुलामा देणाऱ्या) युनिटच्या ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेच्या, गाळाने कातडीचा दाह होतो का ते बघायला तीन सशांच्या पाठीवर गाळाचे पॅच लावले, चौदा दिवसांत त्यांची त्वचा साफ झाली, केस आले. आता दुसऱ्या युनिटच्या गाळासाठी तेच चालतील का, असं तुम्ही विचारलंय. या गाळासाठी तरी नको.

प्लेटिंगच्या गाळात बहुधा क्रोमियम-निकेल असतं आणि दोन्ही अ‍ॅलर्जी आणणारे. पहिल्याच पॅचने शरीर त्यांना ओळखायला लागलं असेल, तर दुसऱ्या वेळचा लालसरपणा गाळाचा की त्या ओळखीचा, हे स्कोअर शीट सांगत नाही. तिथे लालसरपणाचा नुसता २ असा गुण लिहिलेला असतो. तीनपैकी किमान दोन सशांमध्ये या गुणांची सरासरी २.३ किंवा जास्त आली की जीएचएसनुसार (रसायनांच्या वर्गीकरणाची जागतिक पद्धत) पदार्थ दाहक ठरतो, म्हणजे एवढ्याशा फरकानेही निकाल फिरतो. शिवाय गाळ म्हणजे काही शुद्ध रसायन नव्हे. मागच्या वेळी पॅच चार तास होता, तेवढ्यात कातडीतून आत काय गेलं, कोण सांगणार?

‘केस आले’ यावरही जाऊ नका. क्लिपर फिरवल्यावर काही सशांच्या पाठीवर दाट केसांचे चट्टे दिसतात. ओईसीडी ४०४, म्हणजे सशांवरच्या या त्वचा-चाचणीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका, त्या जागा टाळायला सांगते. ते टाळून सुमारे ६ चौ. सेंमी.ची चांगली जागा दुसऱ्यांदा मिळेलच असं नाही.

पुनर्वापर सरसकट वाईट आहे असं मी म्हणत नाही. युरोपच्या २०१०/६३ निर्देशातलं कलम १६ त्याला वाव देतं: आधीचा त्रास सौम्य किंवा मध्यम असावा, प्राणी पूर्ण बरा झालेला असावा, पुढचा प्रयोग तीव्र वर्गातला नसावा आणि पशुवैद्याचा सल्ला घेतलेला असावा. मी त्याहून कडक आहे. पॅच काढल्यावर ६० मिनिटं, २४, ४८, ७२ तास, सगळ्या वेळी गुण शून्य आणि पहिल्या नमुन्यात काय होतं ते माहीत, तरच मी विचार करेन. तेही आयएईसीच्या (संस्थेच्या प्राणी-प्रयोग नीती समितीच्या) मंजुरीत आधीपासून लिहिलेलं हवं. ससे उरले म्हणून मागाहून सुचलेलं नको. ‘प्राणी कमी लागले’ हे कागदावर छान दिसतं, पण एकाच जिवावर दोनदा पट्टी बांधून त्रास कमी होत नाही. (पहिल्या सशावर ३ मिनिटं, १ तास, ४ तास असे वेगवेगळ्या जागी पॅच लावतो, तो पुनर्वापर नव्हे. तो एकाच चाचणीचा भाग.)

खरं तर इथे ससा लागतोच कशाला? २०१६ च्या घातक कचरा नियमांत संक्षारकतेचा (खाऊन टाकण्याच्या गुणधर्माचा) निकष पीएच २ किंवा कमी, १२.५ किंवा जास्त असा आहे. द्रव कचऱ्यासाठी ५५ अंशांवर पोलाद वर्षाला ६.३५ मिमी.हून जास्त खाल्लं जातं का, तेही बघतात. त्यात कातडीची चाचणी नाही. आणि पीएच २ किंवा कमी, अथवा ११.५ किंवा जास्त असेल तर ४०४ सुद्धा आधी थांबून विचार करायला लावते.

दाहकतेचा आकडा हवाच असेल तर प्राण्यांविना होणारी ओईसीडी ४३९ चाचणी बघा. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेच्या थरावर नमुना ठेवतात. पेशींची जिवंत राहण्याची क्षमता ५० टक्के किंवा खाली गेली तर तो दाहक धरतात. फक्त क्रोमचा हिरवट गाळ असेल तर एमटीटीच्या (जिवंत पेशी मोजायच्या रंगद्रव्याच्या) रंगमापनात त्याचा रंग मिसळू शकतो, म्हणून रंगाचे वेगळे कंट्रोल लावायला लॅबला आधीच सांगा.

रिपोर्ट नेमका कोणाला द्यायचाय ते लिहा. नियंत्रण मंडळाला असेल तर समान वजनाच्या पाण्यात गाळ कालवून पीएच घ्या, सोबत टीसीएलपी (गाळातून किती धातू झिरपतात ती चाचणी) करा आणि तो आकडा इथे टाका.