एमएसमुळे विचारांचा वेग मंदावतो का?

दादरहून रोज लोकलने फोर्टला नोकरीसाठी जाणाऱ्या आपल्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) हा मेंदू व मज्जारज्जूचा आजार आहे आणि चालणे व्यवस्थित असूनही हिशेब तपासायला तिला हल्ली फार वेळ लागतो, याचे कारण हा आजार असू शकतो का, असे आपण विचारले आहे. होय, असू शकते. निरनिराळ्या अभ्यासांत साधारण ४० ते ६५ टक्के रुग्णांच्या स्मृतीत, एकाग्रतेत किंवा विचारांच्या वेगात घट आढळली आहे, आणि ती शारीरिक अपंगत्वाच्या प्रमाणातच असते असे नाही.

या आजारात मज्जातंतूंवरील मायलिन या संरक्षक आवरणाला आणि खुद्द तंतूंनाही इजा होत असल्यामुळे मेंदूच्या भागांमधील संदेशवहन मंदावते. म्हणून बहुधा माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेग आधी कमी होतो. फलाट बदलल्याची घोषणा ऐकू येते, पण अर्थ लागेपर्यंत गाडी सुटलेली असते. (याला घरचे ‘वेंधळेपणा’ म्हणतात, ते अन्यायाचे आहे.)

हा वेग मोजण्यासाठी संशोधक चिन्हांना अंक जुळवण्याची ९० सेकंदांची चाचणी वापरतात. २०१२ मध्ये तिला शाब्दिक व दृश्य स्मृतीच्या चाचण्यांची जोड देऊन सुमारे १५ मिनिटांचा संच सुचवण्यात आला. औषधांनी मात्र निराशा केली आहे: अल्झायमरसाठी वापरल्या जाणाऱ्या डोनेपेझिल या औषधाचा लाभ २०११ च्या मोठ्या चाचणीत दिसला नाही. स्मरणतंत्रांच्या प्रशिक्षणाचे निष्कर्ष त्यामानाने आशादायक आहेत.

थकवा, नैराश्य आणि अपुरी झोप यांमुळेही असाच मंदपणा येतो, त्यामुळे न्यूरॉलॉजिस्टकडून आधी त्यांची तपासणी करून घ्यावी.