शब्दांची उत्तरं: साखर कुणाची, गूळ कुणाचा?

गेल्या अंकात ‘साखर’ शब्दावर एक छोटी चौकट दिली होती. मूळ संस्कृत ‘शर्करा’, आणि तिचा पहिला अर्थ वाळूचे जाड कण, बारीक खडे, खापराचे तुकडे, एवढंच त्यात होतं. सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यातून त्यावर भरपूर पत्रं आली. त्यांतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं या वेळी देत आहोत.

आमच्या घरात निम्मं बोलणं कानडीत चालतं. आई ‘सक्करे’ म्हणते, मुलं ‘साखर’. हा शब्द मराठीनं कानडीकडून घेतला की कानडीनं मराठीकडून? (एक वाचक, जत)

दोन्ही भाषांनी तो एकमेकींकडून घेतलेला नाही. दोघींनी तो प्राकृतातून वेगवेगळा उचलला, आणि त्याचा पुरावा तुमच्या घरातल्या दोन उच्चारांतच आहे.

‘शर्करा’मधला र् प्राकृतात पुढच्या क मध्ये विरघळला आणि ‘सक्करा’ व ‘सक्खरा’ अशी दोन रूपं झाली. पालीत ‘सक्खरा’ आहे आणि तिथे त्याचा अर्थ खडाही होतो, साखरही. आता मराठीची सवय पाहा. प्राकृतातलं जोडव्यंजन मराठीत सुटं होतं आणि त्याच्या आधीचा स्वर लांबतो: सप्त, सत्त, सात, हस्त, हत्थ, हात, कर्म, कम्म, काम. त्याच वाटेनं सक्खराची साखर झाली. शेवटचा ‘आ’ गळाला, पण लिंग टिकलं. भिक्षेची ती भीक, जिव्हेची ती जीभ, तशी शर्करेची ती साखर.

कानडीची सवय वेगळी. शब्दाच्या शेवटी आलेल्या ‘आ’चा ती ‘ए’ करते: गंगा-गंगे, शाला-शाले, आणि म्हणून सक्करा-सक्करे. पहिला ‘स’ ऱ्हस्व राहिला आणि ‘क्क’ही शाबूत राहिला. कानडीनं हा शब्द मराठीकडून घेतला असता तर आईच्या तोंडी ‘साकरे’सारखं काहीतरी आलं असतं. मराठीनं कानडीकडून घेतला असता तर आपल्या ‘ख’चा हिशेब लागत नाही.

गुळाचं मात्र निराळं आहे. कानडी ‘बेल्ल’, तेलुगू ‘बेल्लम’, तमिळ ‘वेल्लम’ हे द्राविडी भाषांचे स्वतःचे शब्द आहेत. संक्रांतीला आपण तिळगूळ देतो तेव्हा पलीकडे ‘एळ्ळु-बेल्ल’ देतात. एळ्ळु म्हणजे तीळ. आपला ‘गूळ’ संस्कृत ‘गुड’वरून आला आणि गुडचा एक अर्थ गोळा असाच आहे.

आमचं गुऱ्हाळ आहे. केरळात आणि बाहेरदेशी पाकिटं पाठवायची आहेत. पाकिटावर त्या त्या भाषेत काय छापावं? एका ओळखीच्यानं केरळासाठी ‘शर्करा’ सुचवलं, पण त्याचा अर्थ साखर ना? (शिराळा)

ओळखीच्यानं बरोबर सुचवलं आहे. मल्याळममध्ये ‘शर्क्कर’ म्हणजेच गूळ. साखरेला तिथे ‘पंचसार’ म्हणतात. शब्द संस्कृतातून गेला त्या काळी घरोघरी वापरात होता तो गूळ, म्हणून नाव त्याला चिकटलं आणि पांढऱ्या साखरेला पुढे दुसरं नाव शोधावं लागलं. त्याच किनाऱ्यावर पोर्तुगिजांनी ‘चक्कर’ हे बोलीतलं रूप ऐकलं, त्याचं ‘जागरा’ केलं, आणि त्यातून इंग्रजीत ‘जॅगरी’ आला. म्हणजे इंग्रजीत ‘शुगर’ आणि ‘जॅगरी’ हे दोन्ही शब्द एकाच शर्करेपासून, दोन वेगळ्या वाटांनी पोचलेले आहेत. शब्दांच्या प्रवासात इतकं सुंदर उदाहरण क्वचित मिळतं.

कर्नाटकासाठी ‘बेल्ल’, आंध्र-तेलंगणासाठी ‘बेल्लम’, तमिळनाडूसाठी ‘वेल्लम’ छापा. श्रीलंकेत सिंहली ‘हकुरु’ म्हणजे गूळ. तोही शर्करेपासूनच आलेला आहे, फक्त सिंहलीत ‘स’चा ‘ह’ झाला. पण तिथे हकुरु म्हटलं की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे किथुल माडाचा किंवा नारळाचा गूळ येतो, म्हणून ‘उसाचा’ हा शब्द सोडू नका.

सर्वांत जास्त चूक मलेशिया-इंडोनेशियासाठी होते. तिथे ‘गुला’ हा शब्द दिसला की आपल्याला तो गूळच वाटतो. तो आलाही ‘गुड’वरूनच, पण तिथे त्याचा अर्थ साखर. म्हणजे केरळात आपली शर्करा गूळ झाली आणि मलायात आपला गूळ साखर झाला. नुसतं ‘गुला’ छापलं तर गिऱ्हाईक पांढरी साखर समजून पाकीट उघडेल आणि तक्रार करेल. रंग आणि ऊस, दोन्हींचा उल्लेख करा.

काकवीही पाठवणार असाल तर तिला गुळाचं नाव देऊ नका. काकवी साधारण 105 ते 106 अंश सेल्सिअसला काहिलीतून उतरते, ढेपेचा गूळ 116 ते 118 अंशांच्या आसपास. घेणाऱ्याच्या दृष्टीनं या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि लेबलावरही त्या वेगळ्याच दिसायला हव्यात.

‘सर्करई पोंगल’ साखर घालून केला. पांढरा, चिकट झाला आणि शितं टचटचीत राहिली. काय चुकलं? (मिरज)

चूक शब्दानं केली. या पदार्थाच्या नावातली ‘सर्करई’ म्हणजे गूळ. आजच्या तमिळमध्ये सर्करई साखरेलाही म्हणतात आणि साखरेसाठी ‘चीनी’ हा शब्दही चालतो, पण पदार्थाच्या नावात जुना अर्थ टिकून राहिला आहे.

एक वाटी तांदूळ, पाव वाटी भाजलेली मूगडाळ आणि पाच वाट्या पाणी घेऊन अगदी मऊ शिजवा. दीड वाटी गूळ अर्धी वाटी पाण्यात विरघळवून गाळून घ्या, कारण त्यात कचरा निघतो. भात बोटानं चिरडेपर्यंत शिजला की मगच गुळाचं पाणी घाला. गोड आधी पडलं तर ते पाणी धरून ठेवतं, तांदळातलं पिष्ट पुरतं फुगत नाही आणि दाणा आत कडक राहतो. तुमची शितं टचटचीत राहिली ती यामुळेच. साखर असो वा गूळ, हा नियम दोन्हींना लागू आहे.

उत्तरेत देवळात ‘मिश्री’चा प्रसाद मिळतो असं वाचलं आणि दचकलोच. हा काय प्रकार? (कराड)

प्रसादाची मिश्री म्हणजे खडीसाखर. कृष्णाच्या नैवेद्यातलं माखन-मिश्री म्हणजे लोणी आणि खडीसाखर. आपल्याकडे दाताला लावायची भाजलेल्या तंबाखूची मिश्री, म्हणजे मशेरी, ही वेगळी वस्तू आहे. दोन्हींचा उच्चार मात्र एकच. पाहुणे उत्तरेकडचे असतील तर दुकानात ‘मिश्री द्या’ म्हणण्याआधी त्यांना हे सांगून ठेवा.

हिंदीतल्या मिश्रीचं मूळ ‘मिस्र’. इजिप्तला अरबीत हे नाव आहे, आणि ‘मिस्री’ म्हणजे तिकडची. तशीच ‘चीनी’ म्हणजे चीनची. पांढऱ्या साखरेचं नाव चीनशी जोडलं गेलं आणि मोठ्या पारदर्शक खड्यांचं मिसरशी. यावरून साखर करण्याची कला चीनहून आली असं कुणी सांगितलं तर मानू नका. इ. स. 647 मध्ये तांग सम्राट ताइझोंगनं मगधात माणसं पाठवून साखर करण्याची रीत शिकून घेतली, अशी चिनी इतिहासग्रंथातच नोंद आहे. नावावरून मालाचा दर्जा किंवा बाजार कळतो, कलेचा जन्म कळत नाही. चिनी मातीची बरणी आपण देशातच घडवतो, तरी तिला चिनी मातीचीच म्हणतो.

शर्करा म्हणजे वाळू, आणि सहारा म्हणजे वाळवंट. दोन्हींत स आणि र आहेत. सहारा हा शब्द शर्करेवरूनच गेला असणार ना? रशियन लोकही साखरेला ‘साखर’ म्हणतात असं ऐकलं, तो मराठीतून गेला का? (विटा)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. पण प्रश्न चांगला आहे, कारण व्युत्पत्तीतल्या बहुतेक चुका अशाच होतात: आवाज जुळला, अर्थ थोडा जुळला, आणि माणूस थांबला. इथे थांबायचं नसतं. आधी शब्दाचं सर्वांत जुनं रूप शोधायचं, मग प्रत्येक आवाजाचा हिशेब द्यायचा, आणि शेवटी तो कोणत्या वाटेनं, कुणाबरोबर गेला असेल हे पाहायचं. तिन्ही जुळलं तरच नातं.

‘सहारा’ अरबी ‘सहरा’वरून आला आणि त्याचा अर्थ ओसाड वाळवंट. त्याच धातूपासून अरबीत पिवळसर तांबूस रंगाचा ‘असहर’ शब्द आहे, म्हणजे हे घराणं अस्सल अरबी. शिवाय शर्करा अरबीत गेलीच होती. फारसी ‘शकर’मार्फत ती तिथे ‘सुक्कर’ झाली. तिच्यात दुहेरी क आहे, आणि ‘सहरा’मध्ये क चा मागमूस नाही. एवढंच नाही, ‘सुक्कर’चा स ‘सीन’ अक्षरानं लिहितात आणि ‘सहरा’चा ‘साद’नं. अरबाच्या कानाला हे दोन वेगळे आवाज आहेत. देवनागरीत दोन्ही ‘स’ लिहिले की फरक झाकला जातो, म्हणून परभाषेचा शब्द तपासताना तो मूळ लिपीत कसा लिहितात हे आधी बघा.

‘सुक्कर’ पुढे युरोपात गेला. स्पॅनिशमध्ये तो ‘अझुकार’ झाला, कारण अरबी ‘अल्’ हा उपपद-शब्द सोबत चिकटून आला आणि ‘स’पुढे त्याचा ‘अस्’ झाला होता. इटालियनमध्ये उपपदाशिवाय ‘झुक्केरो’, जर्मनमध्ये ‘त्सुकर’, फ्रेंचमध्ये ‘स्युक्र’, इंग्रजीत ‘शुगर’. पूर्व आफ्रिकेत स्वाहिलीत ‘सुकारी’.

रशियन ‘साखर’ खरोखर आहे आणि ऐकताना अंगावर रोमांच येतात. पण तो मराठीतून गेलेला नाही. ग्रीकांना हा शब्द फार पूर्वी ‘साक्खरोन’ या रूपात मिळाला होता. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस भारतातल्या बोरूत मिळणाऱ्या, मिठासारख्या घट्ट आणि दाताखाली कुरकुरणाऱ्या मधाला हे नाव देतो. ग्रीकमधून तो रशियनमध्ये गेला. मराठीत आणि रशियनमध्ये जो ‘ख’ ऐकू येतो तो पालीतल्या ‘सक्खरा’सारख्या रूपाकडे बोट दाखवतो. भावंडं लांब वाढली, चेहरा सारखा राहिला. प्रयोगशाळेत 1879 मध्ये सापडलेल्या ‘सॅकरिन’चं नावही याच घराण्यातलं.

स्वतः तपासायचं असेल तर मोल्सवर्थचा 1857च्या आवृत्तीचा मराठी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतो. अर्थासाठी तो उत्तम आहे. मुळासाठी मात्र त्याचा शब्द अखेरचा मानू नका. त्या काळी प्राकृताचा अभ्यास आजइतका झालेला नव्हता.

आजोबांच्या वैद्यकाच्या पोथीत ‘शर्करा’ हा रोग म्हणून लिहिला आहे. तो मधुमेह का? आणि सितोपलादि चूर्णात शर्करा असते का? (सातारा)

मधुमेह नव्हे. इथे शर्करेचा पहिला अर्थ जिवंत आहे: लघवीतून पडणारी खर. आयुर्वेदात ‘सिकता’ म्हणजे वाळूसारखे कण, ‘शर्करा’ त्याहून जाड, आणि ‘अश्मरी’ म्हणजे मुतखडा. अथर्ववेदातही शर्करा, सिकता आणि अश्म एकाच ओळीत शेजारी येतात, आणि तिथे गोडीचा संबंध नाही. पोथीत आधी मूत्राचा उल्लेख असेल तर खर समजा, औषधाच्या घटकांत असेल तर साखर.

सितोपलादिच्या नावातच साखर आहे. सित म्हणजे पांढरा, उपल म्हणजे दगड, आणि सितोपला म्हणजे खडीसाखर. तिचे 16 भाग, वंशलोचन 8, पिंपळी 4, वेलदोडा 2 आणि दालचिनी 1. या दालचिनीतही ‘चिनी’ आहे: फारसी ‘दार’ म्हणजे लाकूड, म्हणजे ती चीनचं लाकूड. एकूण 31 भागांत 16 भाग साखर, म्हणजे निम्म्याहून जास्त. घरात कुणाला मधुमेह असेल तर हे चूर्ण ‘काष्ठौषधीच आहे’ असं समजून देऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा.